हिलाल मास्तरांचा राणी कलर

पांढऱ्या रंगावर पहिला डाग उगवला तो शेडच्या दाराजवळ, वरच्या बिजागरीपासून चार बोटं डावीकडे, एका खिळ्याच्या डोक्याभोवती. आकार खसखशीच्या दाण्याएवढा, रंग गुलाबी, कडा अस्पष्ट. पुढच्या रविवारी तो मसुरीएवढा झाला होता आणि त्याच्या खाली, लाकडाच्या रेषांच्या दिशेनं, तशाच आणखी काही डागांची रांग लागली होती. बुरशी काळी किंवा हिरवट असते, गंज तपकिरी असतो, पाइनच्या गाठीतून झिरपणारा चीक पिवळा असतो. गुलाबी यांपैकी काहीच नसतं. मी डागावर बोट घासून पाहिलं. रंग नीट वाळलेला होता.

"उन्हामुये व्हई," हिलाल मास्तर मागून म्हणाले.

उन्हानं रंग उडतो, उगवत नाही. पण मी तसं बोलले नाही, कारण त्या शेडच्या रंगावर मास्तरांचं बरंच काही अवलंबून होतं.

होळी होऊन गेल्यावर एका सकाळी मास्तरांनी माझ्या आईला विचारलं होतं, की पुढचे दिवस आपण एकत्र काढावेत का. लग्न करून, रीतसर. मी दहा पावलांवर मिरचीची रोपं लावत होते. मी तिथे आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि बहुतेक म्हणूनच त्यांनी तेव्हा विचारलं. एकटं गाठून विचारणं त्यांना बरं वाटलं नसावं. आई वांग्यांना पाणी घालत होती. तिनं बादली शेवटच्या रोपापर्यंत नेऊन रिकामी केली, पालथी घातली आणि म्हणाली, "आधी या शेडला अन् बाकांना रंग लागू द्या. मग सांगते."

मास्तरांना ते होकाराच्या बरंच जवळचं वाटलं. मला ते वेळ काढणं वाटलं. दोघांचंही थोडंथोडं बरोबर होतं.

बारडोलीच्या अलीकडे, उसाच्या शेतांना लागून आमचे दोन प्लॉट आहेत, एक आमचा आणि एक मास्तरांचा. मध्ये कुंपण नाही. माझे वडील, राघो पाटील, आणि मास्तर शिंदखेडा तालुक्यातल्या एकाच गावचे. दोघं बरोबरच सुरतला आले आणि कडोदऱ्याच्या एकाच प्रोसेस हाउसमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात, लागले. बाबा कापड ताणून सुकवणाऱ्या मशिनवर राहिले, हिलालकाका चढत चढत डाइंग मास्तर झाले. प्लॉट त्यांनी शेजारी शेजारी घेतले, म्हातारपणी समोरासमोर बसून भांडता यावं म्हणून. बाबांना ते जमलं नाही. मास्तरांच्या पत्नी त्यांच्याही आधी गेल्या होत्या. मग आम्ही रविवारी जायला लागलो, मास्तर आधीच आलेले असायचे, आणि दोन प्लॉटची एकच बाग झाली.

शेड आणि दोन्ही बाकं मास्तरांनी स्वतः बांधली होती, खोक्यांच्या लाकडातून. लूम्स परदेशातून येतात त्या पाइनच्या मोठ्या खोक्यांतून. मशिन बसलं की खोकी भंगारात निघतात आणि निम्म्या सुरतच्या माळ्यांवर, दुकानांत, गच्च्यांवर तेच लाकूड असतं. आमच्या शेडच्या मागच्या फळीवर छत्रीचं चित्र आणि काही चिनी अक्षरं होती. लाकूड हलकं, सरळ, पण उघड्यावर टिकणारं नाही. दोन पावसाळे अंगावर घेतल्यावर ते राखाडी पडलं होतं आणि खालच्या कडेला तंतू सुटायला लागले होते. त्याला रंगाची गरज होती यात वाद नव्हता.

घाई मात्र दुसऱ्याच कारणानं होती. मास्तरांचा मुलगा सुशांत वडोदऱ्याला असतो. वडिलांनी सुरतेतली, उधन्याची खोली सोडून आपल्याकडे यावं आणि हा प्लॉट विकून टाकावा, असं त्याचं म्हणणं. मुलगा वाईट नाही. बापाला रात्री बरं वाटेनासं झालं तर कोण बघणार, एवढाच त्याचा मुद्दा, आणि मुद्द्यात चूक नव्हती. मास्तरांनी त्याला दिवाळीचा वायदा दिला होता. आईनं हो म्हटलं तर ते इथे राहणार, नाही म्हटलं तर वडोदऱ्याला जाणार. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणी बोलत नव्हतं.

विचारल्या दिवसापासून मास्तरांची आणखी एक पंचाईत झाली होती. इतकी वर्षं ते आईला वहिनी म्हणत आले. आता वहिनी म्हणवेना आणि दुसरं काही म्हणायची हिंमत होईना. म्हणून ते बोलण्याआधी नुसते खाकरायचे. आईला तो त्रास नव्हता. सगळं प्रोसेस हाउस त्यांना मास्तर म्हणायचं, तीही म्हणायची. एकदा तिनं शांतपणे विचारलंसुद्धा, "मास्तर, घसा बसलाय का? हळद-दूध घेता?"

पहिला रंग त्यांनी एका मधल्या वारी, एकट्यानं लावला. आम्ही रविवारी पोचलो तर शेड आणि दोन्ही बाकं राणी कलरची. सुरतेत राणी म्हणजे कुठला गुलाबी हे सांगावं लागत नाही. उसाच्या हिरव्याच्या पार्श्वभूमीवर ती शेड रस्त्यावरून, कालव्याच्या पुलावरून, बहुतेक पार बारडोलीवरूनही दिसत असावी. आईची लग्नातली साडी त्या रंगाची होती असं बाबांनी कधीतरी मास्तरांना सांगितलं होतं, आणि मास्तर शेड विसरत नाहीत; त्यांचा धंदाच तो. शेड म्हणजे रंगाची छटा, म्हणजे. लाकडाची शेड ते विसरले तरी चाललं असतं.

आईनं सगळ्या बाजूंनी फिरून पाहिलं. "साडीला चांगला आहे," ती म्हणाली. "भिंतीला नको."

तिनं पांढरा सांगितला. मास्तरांनी पांढरा लावला. डाग उगवले. मग त्यांनी क्रीम लावला. तो आठवडाभरात एकसारखा फिकट गुलाबी झाला, आईस्क्रीमच्या दुकानासारखा. मग त्यांनी विचार केला की गडद रंगाखाली काही दिसणार नाही, आणि हिरवा लावला. हिरव्यात गुलाबी मिसळून जे झालं त्याला साडीबाजारात चिकू म्हणतात. चिकू कलरही चांगला खपतो, पण शेड दुरून शेणानं सारवल्यासारखी दिसायला लागली.

प्रत्येक हातासरशी मास्तर रोडावत गेले. आई मात्र प्रसन्न होती. कुणी विचारलं तर म्हणायची, अजून रंग व्हायचाय.

मास्तर रंगाचा डबा घेऊन कडोदऱ्याला भूपेंद्रभाईंच्या दुकानात भांडायला गेले. मी स्कूटरवर मागे होते. भूपेंद्रभाईंनी डबा उघडून हुंगला, काडीनं ढवळला, एका पत्र्यावर ओढून पंख्याखाली धरला. पत्र्यावर पांढरा पांढराच राहिला. माल बरोबर आहे, तुमच्याच लाकडात काही असेल, असं त्यांनी गुजरातीत तीन वेळा सांगितलं आणि चौथ्यांदा माझ्याकडे वळून हात जोडले, "एमां हुं शुं करूं, बेन?"

मी रसायनशास्त्र शिकले आहे आणि एका प्रोसेस हाउसच्या लॅबमध्ये रंग जुळवायचं काम करते. पत्र्यावर पांढरा टिकतो आणि लाकडावर टिकत नाही, याचा अर्थ मला तिथेच लागायला हवा होता. तो लागला घरी, कपडे धुताना.

त्या बाकांवर बसलं की मागे गुलाबी पट्टे उमटायचे. उन्हात तापलेल्या बाकावर जरा जास्त. मास्तरांच्या पांढऱ्या लेंग्यावर तर कैद्याच्या कपड्यांसारखे आडवे पट्टे होते, आणि ते तसेच बसनं उधन्यापर्यंत आले होते. माझ्या सुती कुर्त्यावरचे पट्टे साबणानं गेले. आईच्या साडीवरचे गेले नाहीत. मी पुन्हा धुतली, गरम पाण्यात भिजवली, तरी गेले नाहीत. साडी पॉलिएस्टरची होती. सुती कापड सोडून देतं आणि पॉलिएस्टर धरून ठेवतं, असा रंग दुकानात डब्यात मिळत नाही. तो आमच्याकडे मिळतो, पावडरमध्ये, आणि साड्या रंगवायला वापरतात.

पुढच्या रविवारी मी मास्तरांना शेडच्या मागे, छत्रीच्या चित्रापाशी नेलं आणि विचारलं, पहिल्या हातात त्यांनी काय घातलं होतं.

कुठल्याच कंपनीच्या कार्डावर तो राणी कलर नव्हता, ते म्हणाले. सगळे एकतर फिक्के नाहीतर जांभळ्याकडे झुकणारे. मग त्यांनी पांढरा ऑइल पेंट घेतला आणि घरी सँपलचा उरलेला डाय पडला होता, तो त्यात कालवला. आधी लाल, मग चिमूटभर जांभळा. शेड अगदी बरोबर आली होती, हे सांगताना त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. मलाही कबूल करावं लागलं. ती आलीच होती.

"माले वाटनं, रंग म्हंजे रंग," ते म्हणाले.

मी त्यांना समजावलं, आणि मला ते समजावताना थोडं विचित्र वाटत होतं, कारण डाय आणि कापड याबद्दल मला जे माहीत आहे त्यातलं अर्धं मी त्यांच्याकडूनच शिकले. पेंटमधला रंग ही न विरघळणारी पूड असते. ती जिथे बसते तिथेच बसून राहते. साडीचा डाय मात्र पेंटच्या तेलात विरघळतो. वरून नवीन ओला हात दिला की तो त्यात उतरतो आणि वर चढतो. कितीही हात द्या, प्रत्येक हातात चढत जाईल. लाकूड दोषी नाही, भूपेंद्रभाई तर नाहीतच.

मास्तर खाली बसले. सहा महिने आईचं उत्तर कशानं अडलं होतं ते त्यांच्या लक्षात येत होतं. मग त्यांना हसू आलं. आधी नुसतेच खांदे हलले, मग ते इतके हसले की आईनं वांग्यांतून मान वर करून काय झालं म्हणून विचारलं. आम्ही दोघंही काही नाही म्हणालो.

उपाय होता. गेटला, पाण्याच्या टाकीला लावतात तो चंदेरी अ‍ॅल्युमिनियम पेंट. त्यातले पातळ पापुद्रे एकमेकांवर माशाच्या खवल्यांसारखे बसतात आणि खालून येणाऱ्याची वाट लांबवतात. मी आधी फळीच्या तुकड्यावर करून पाहिलं: अर्ध्यावर चंदेरीचे दोन हात, अर्धा तसाच, वरून सगळ्यावर पांढरा. तुकडा गच्चीत उन्हात ठेवला. काही दिवसांनी तसा अर्धा गुलाबी झाला आणि चंदेरीवरचा पांढरा पांढराच राहिला. मी आणखी काही दिवस थांबले. एकदा पाहून विसंबायचं नाही, अशी मला सवय आहे. मग आईला तो तुकडा दाखवला.

आई साडीवर टिकल्या चिकटवत होती. उधन्याच्या आमच्या चाळवजा इमारतीत, जिन्याजवळच्या मोकळ्या जागेत रोज दुपारी सात-आठ बायका बसतात. मधे साडी पसरलेली, कडेनं सगळ्या, प्रत्येकीच्या हातात गोंदाची नळी. माल आई आणते, वाटून देते, तपासते, परत पोचवते. रुक्मिणीमावशी नवऱ्याची नक्कल करते, मालतीबाई सुनेची. गल्लीत होणारी प्रत्येक गोष्ट तिथे आधी कळते. मास्तरांचं विचारणंही तिथे कळलेलं होतं आणि त्यावर वर्षभर पुरेल एवढी थट्टा झाली होती.

बायका गेल्यावर मी म्हणाले, की आता रंग टिकेल. दिवाळीच्या आत होईल.

"तुले काय घाई शे?" आई म्हणाली.

घाई मला नव्हती. मी म्हटलं, तू माझा विचार करून अडून राहिली असशील तर राहू नकोस. मी छत्तीस वर्षांची आहे, मला एकटीला राहता येतं.

"तुझा कोण विचार करतंय," आई म्हणाली. "तुला वरण-भात लावता येतो."

मग लोकांचा? तिनं मान हलवली. लोकांनी बोलून घेतलं, आता त्यांना कंटाळा आलाय. बाबांचं वाटतं का? तिनं गोंदाच्या नळीचं टोपण शोधून लावलं. राघोला मास्तर माझ्याआधीपासून आवडत होते, ती म्हणाली. तो काही बोलला नसता.

"मग?"

मग तिनं सांगितलं. मास्तरांनी सगळं ठरवून ठेवलंय. लग्न झालं की प्लॉटवर दोन खोल्या बांधायच्या, दोघांनी तिकडेच कायमचं राहायचं, कोंबड्या पाळायच्या. मास्तर चांगले आहेत. त्यांच्याशी बोलायला तिला आवडतं, रविवारची ती शनिवारपासून वाट बघते. पण सोमवार ते शनिवार ती उसाकडे बघत काय करणार? इथे सकाळी माल आणायचा असतो, चार बायकांना सांभाळायचं असतं, पाचवीला रागे भरायचं असतं. आयुष्यात पहिल्यांदा लोक तिला विचारून काम करतात. हे सोडून कोंबड्यांच्या मागे फिरायचं. आणि हे मास्तरांना सांगावं तर तो माणूस वडोदऱ्याला निघून जाईल, तेही तिला नको होतं.

"म्हणून म्हटलं, रंग होऊ दे," ती म्हणाली. "चालला तेवढा बरा चालला होता."

मी लॅबमध्ये असते तर म्हटलं असतं, की प्रश्न चुकीचा मांडलाय. ती हो आणि नाही यांच्यात अडकली होती, आणि तिला दोन्ही नको होते. पण मी तसं म्हटलं नाही. तुकडा उचलून ठेवला आणि भात लावला.

नवरात्रात, एका रविवारी, आम्ही चंदेरीचे दोन्ही हात पूर्ण केले. शेड उन्हात इतकी चमकत होती की रस्त्यानं जाणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्यानं थांबून विचारलं, इथे दूध डेअरी होतेय का. मास्तरांनी हो म्हणून सांगितलं.

वरचा रंग आईनं निवडायचा होता. तिनं भूपेंद्रभाईंचं कार्ड चाळून बाजूला ठेवलं आणि पिशवीतून ब्लाउजपीस काढला. रामा कलर, मोराच्या मानेपेक्षा जरा शांत, हिरवा आणि निळा यांच्या मधला. हाही कार्डावर नव्हता. मास्तरांचा हात आपोआप पुढे आला, कापडाचं टोक चिमटीत धरून त्यांनी ते उजेडाकडे तिरपं केलं, आणि मग माझ्याकडे बघून चटकन सोडून दिलं. मी हसले. भूपेंद्रभाईंच्या मशिनवर तो जुळवून घ्यायला मला दोन फेऱ्या लागल्या, पण त्यात जे हिरवं आणि निळं पडलं ते पक्कं होतं, पूड होती, उन्हाला दाद न देणारी. मी डब्यावरचं बारीक अक्षरातलं सगळं वाचून घेतलं होतं.

पुढच्या रविवारी दुपारी मास्तरांनी डबा उघडला आणि फोन वाजला. सुशांत होता. वायदा दिवाळीचा आहे, पण प्लॉट बघायला बुधवारीच एक गिऱ्हाईक येतंय, पसंत पडलं तर लगेच ठरवून टाकू, पप्पा, तुम्ही तिथे असा. मास्तरांचे दोन्ही हात रंगात असल्यानं फोन बाकावर स्पीकरवर होता, आणि आम्ही तिघांनीही तो ऐकला. मास्तर म्हणाले, बरं, मी संध्याकाळी बोलतो. फोन बंद झाला.

उसात कुठेतरी पंप चालू होता. मास्तरांनी ब्रश बुडवला, डब्याच्या कडेला निथळू दिला आणि दाराच्या चौकटीवर वरून खाली एक सरळ पट्टा ओढला. चाळीस वर्षं काम केलेला हात. पट्टा कुठेही जाड-पातळ झाला नाही. ते एक पाऊल मागे आले.

ते खाकरले. "ठीक आहे ना?" त्यांनी विचारलं. आणि आई पट्ट्याकडे बघत राहिली तेव्हा खालच्या आवाजात म्हणाले, की तिनं मनाला लावून घेऊ नये. ते शेड पुरती रंगवून देतील, बाकंही. बुधवारी माणूस आला तर येऊ दे. नव्या मालकाला सांगतील, बागेच्या या अर्ध्यातही तिला येऊ देत जा.

आई माझ्याशी आणि मास्तरांशी अहिराणीत बोलते (मी ते इथे बहुतेक मराठीत उतरवलंय), बाजारात गुजरातीत, आणि साडीच्या व्यापाऱ्यापुढे आपलं म्हणणं ठामपणे मांडायचं असलं की हिंदीत. शाळेतलं मराठी ती क्वचितच काढते. ती बाकावरून उठली, पदर खोचला आणि मास्तरांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"मास्तर, मला लग्न करायचं आहे," ती म्हणाली. "पण मी उधना सोडणार नाही. आठवडाभर मी माझ्या घरी राहीन, माझं काम करीन, आणि शनिवार-रविवार इथे तुमच्याजवळ. मधे कधी करमलं नाही तर तुम्ही उधन्याला या. हे असं तुम्हाला चालणार असेल, तर सुशांतला आत्ताच फोन लावा."